‘मुसाफिर’मधील संगणकक्षेत्र : ग्रामीण विद्यार्थी-वाचकाच्या दृष्टीने एक चिकित्सा

मराठी आत्मचरित्राच्या परंपरेत लेखक, कलावंत, समाजसुधारक व राजकीय कार्यकर्ते यांची आत्मकथने विपुल असली, तरी संगणक-उद्योगात हयात घालविलेल्या व्यक्तीचे आत्मकथन विरळाच. या दृष्टीने अच्युत गोडबोले यांच्या ‘मुसाफिर’ (२०१२) या ग्रंथाचे महत्त्व निर्विवाद आहे. मात्र हा ग्रंथ केवळ आत्मचरित्र म्हणून वाचला जात नाही. संगणक अभियांत्रिकीकडे वळू पाहणारा विद्यार्थी तो वाटाड्या म्हणूनही हाती घेतो. परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यातील, शेतीवर उभ्या असलेल्या बोरीसारख्या गावातील असा वाचक नजरेसमोर ठेवून प्रस्तुत लेखात या ग्रंथाचा विचार केला आहे.

प्रथम लक्षात घ्यावयाची बाब ही की, गोडबोले स्वतः संगणक अभियंता नाहीत. मुंबईच्या आयआयटीतून १९७२ साली ते रासायनिक अभियंता झाले, शहाद्याच्या आदिवासी चळवळीत गेले आणि त्यानंतर संगणकाकडे वळले. पटनी, सिंटेल, एल अँड टी इन्फोटेक अशा कंपन्यांत ते मोठ्या पदांवर पोहोचले. संगणकाची पदवी दुर्मीळ होती, त्या काळातील हा प्रवास आहे. आजच्या विद्यार्थ्याला बारावीचे गणित-भौतिकशास्त्र, सामाईक प्रवेश परीक्षा, केंद्रीभूत प्रवेशफेऱ्या आणि मग १९८१ साली स्थापन झालेले नांदेडचे श्री गुरु गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी महाविद्यालय, छत्रपती संभाजीनगर किंवा पुणे, असा मार्ग चालावा लागतो. त्याची माहिती या ग्रंथात मिळत नाही, हा ग्रंथाचा दोष नव्हे; पण वाटाड्या म्हणून वाचणाऱ्याची फसगत येथेच होते.

ग्रंथाचा सर्वांत सकस भाग भाषेसंबंधीचा आहे. सोलापुरातून मराठी माध्यमात शिकून पवईला आलेल्या मुलाला इंग्रजीने आणलेला न्यूनगंड गोडबोले यांनी आडपडदा न ठेवता सांगितला आहे. बोरीच्या वाचकाला तो आपलाच वाटेल. परंतु ग्रंथात या प्रश्नाचे उत्तर व्यक्तीच्या जिद्दीत शोधले जाते, आणि मर्यादाही तीच. जिद्द सर्वांनाच लागते. ती सर्वांना पुरतेच असे नाही. याच लेखकाचे ‘ऑपरेटिंग सिस्टिम्स’ हे अभियांत्रिकीच्या वर्गात वापरले गेलेले पाठ्यपुस्तक इंग्रजीत आहे, तर ‘संगणकयुग’ हे मराठी पुस्तक सामान्य जिज्ञासूंसाठी. म्हणजे कुतूहल मराठीत आणि अभ्यासक्रम इंग्रजीत, अशी विभागणी एकाच लेखकाच्या ग्रंथसंपदेत दिसते. ती लेखकाची निवड म्हणण्यापेक्षा आपल्या विद्यापीठीय व्यवस्थेची खूण म्हणणे अधिक न्याय्य ठरेल.

खेड्यात ‘संगणक शिकणे’ याचा अर्थ बहुधा एमएस-सीआयटी असा घेतला जातो. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या या अभ्यासक्रमाने संगणकाची भीती घालविली, हे मोठेच काम. तथापि तो वापर शिकवितो, रचना नव्हे. संगणक अभियांत्रिकीत विविक्त गणित, डेटा स्ट्रक्चर्स, कंपायलर, डेटाबेस, नेटवर्क हे विषय येतात व त्यांना गणिताची बैठक लागते. पुढील नोकरीही बहुतेकांसाठी दुसऱ्याने लिहिलेल्या प्रणालीतील चूक शोधणे, तिची चाचणी घेणे, देखभाल करणे अशीच असते. ‘मुसाफिर’चा ओघ मात्र स्वाभाविकपणे व्यवस्थापनाच्या शिखराकडे जातो, पायथ्याशी राहणाऱ्यांचे दैनंदिन काम त्यात मागे पडते. शिवाय हे कथन उद्योगाच्या चढत्या काळाचे आहे. २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे १२ हजार कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले, ही बाब आजच्या वाचकाने शेजारी ठेवावी.

भाषेच्या अंगाने एक प्रयत्न अलीकडे झाला. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२१ मध्ये भारतीय भाषांतून अभियांत्रिकीस मान्यता दिली आणि पिंपरी चिंचवड कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगमध्ये ६० जागांचा मराठी संगणक अभियांत्रिकी वर्ग सुरू झाला. पाठ्यपुस्तके येऊ लागली. मुलाखतीची व प्रत्यक्ष कामाची भाषा मात्र इंग्रजीच राहिली, आणि आपल्याच भाषेतून शिकण्यासाठीसुद्धा बोरीच्या विद्यार्थ्यापुढे घर सोडून पुण्याकडे जाण्याचाच पर्याय आला.