मधातील कीटकनाशके : एका जागतिक पाहणीचे परीक्षण

ऑक्टोबर २०१७ मध्ये ‘सायन्स’ या साप्ताहिकात स्वित्झर्लंडमधील न्यूशातेलच्या संशोधकांनी जगभरातल्या मधाची एक पाहणी प्रसिद्ध केली. अंटार्क्टिका सोडून सर्व खंडांतून मधाचे १९८ नमुने गोळा करून त्यांत निओनिकोटिनॉइड गटातील पाच कीटकनाशके शोधली होती. ७५ टक्के नमुन्यांत त्यांपैकी निदान एक सापडले, ४५ टक्क्यांत दोन किंवा अधिक. वर्गात सांगण्यासाठी हे आकडे अनेकांनी टिपून ठेवले असतील. पण त्यांचा अर्थ लावताना थोडे थांबायला हवे.

ज्या नमुन्यांत अंश सापडला त्यांत त्याचे सरासरी प्रमाण होते दर ग्रॅमला १.८ नॅनोग्रॅम. (नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग.) माणसासाठी ठरवलेल्या मर्यादेपेक्षा हे कमी आहे. म्हणून मध निर्धोक, असा निष्कर्ष काढणे सोपे. पण प्रश्न माणसाचा नव्हताच. माशीचा होता.

तेव्हा माशीचा हिशेब करू. इमिडाक्लोप्रिड पोटात गेल्यास निम्म्या माश्या मरतात ती मात्रा आहे माशीमागे सुमारे ३.७ नॅनोग्रॅम. सारे अंश इमिडाक्लोप्रिडचेच आहेत असे धरले, तर ही मात्रा गाठायला माशीला दोन ग्रॅम मध खावा लागेल. माशीचे वजन असते ग्रॅमचा दहावा हिस्सा! म्हणजे सरासरी मध खाऊन माशी तडकाफडकी मरणार नाही. हे मान्य करायला पर्यावरणप्रेमींनी कचरू नये.

धोका आहे तो मरणाअलीकडचा. २०१२ मध्ये फ्रान्समधील संशोधकांनी माश्यांना थायमेथोक्झामची १.३४ नॅनोग्रॅम मात्रा देऊन दूर सोडले. माश्या तत्काळ मेल्या नाहीत, पण बऱ्याच जणी पोळ्याकडे परतल्या नाहीत. या प्रयोगावरही आक्षेप घेता येतो, कारण तेवढे द्रव्य मिळवायला वरच्या सरासरी मधाचा पाऊण ग्रॅम लागेल आणि इथे ते एकदम दिले होते. खरी स्थिती उलट असते. थंड प्रदेशात हिवाळ्यातल्या माश्या तोच साठवलेला मध महिनोन्‌महिने थोडा थोडा खातात.

पाहणीचा माझ्या मते मोठा दोष वेगळाच आहे. शेतात विष लागून जी माशी वाटेतच पडली, तिचा मकरंद पोळ्यात पोचतच नाही. मधात सापडतो तो परत आलेल्या माश्यांचा पुरावा. शिवाय नमुने लोकांकडून मिळेल तसे जमवलेले. ज्या वसाहतींचा हा मध, त्या जगल्या की मेल्या याची त्यात नोंद नाही. मग मध आणि माश्यांचे आरोग्य यांचा संबंध जोडायचा कसा?

दुसरे असे, की मध हा साखरेचा पाण्यातला दाट द्रव आहे. पाण्यात विरघळणारी निओनिकोटिनॉइड त्यात उतरतात. जी द्रव्ये स्निग्ध पदार्थांत विरघळतात ती मेणात मुरतात आणि वर्षानुवर्षे राहतात. अमेरिकेतील २०१० च्या एका अभ्यासात मेणाचे २५९ नमुने तपासले गेले. जवळजवळ सर्वांत फ्लुव्हॅलिनेट व कौमाफॉस होते. फ्लुव्हॅलिनेटचे कमाल प्रमाण दशलक्ष भागांत २०४ भाग. गंमत (की शोकांतिका?) अशी, की ही दोन्ही औषधे प्रामुख्याने मधपाळांनीच पेट्यांत घातलेली होती, व्हरोआ या परजीवी गोचिडीसाठी. जुनी पोळी वितळवून त्याच मेणाचे नवे पत्रे पाडले जातात. मेण साठ-पासष्ट अंशांना वितळते. तेवढ्या उष्णतेने ही द्रव्ये नाहीशी होत नाहीत. विष पुढच्या पिढीच्या पाळण्यात जाते. २०११ मध्ये दूषित जुन्या पोळ्यांत वाढवलेल्या माश्यांचे आयुष्य सुमारे चार दिवसांनी घटलेले आढळले. कामकरी माशीचे उन्हाळ्यातले आयुष्य जेमतेम सहा आठवड्यांचे, हे लक्षात घ्या.

म्हणून पुढची पाहणी करणाऱ्यांनी एकाच पेटीतला मध, पराग आणि मेण एकत्र तपासावे, आणि त्या पेटीचे वर्षभर काय झाले तेही लिहावे. आपल्याकडे सह्याद्रीतल्या सातेरी माशीच्या पोळ्यांपासून सुरुवात करता येईल. व्हरोआ ही तिची जुनीच सोबतीण. तिच्याशी जुळवून घ्यायला सातेरी शिकलेली आहे, त्यामुळे पेटीत औषध घालण्याची गरज सहसा पडत नाही. तिच्या मेणात काही सापडलेच, तर ते बहुधा शेतातून आलेले असेल.