सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक अधिनियम, २०१६ : मानवी हक्कांच्या दृष्टीने एक चिकित्सा

प्रस्तावना :
मानवी हक्कांची चर्चा बहुधा व्यक्ती विरुद्ध राज्यसंस्था या अंगाने केली जाते. भारतीय समाजात मात्र जात, भावकी आणि गावकी यांच्याकडूनही व्यक्तीचे हक्क हिरावले जातात. पाचगणीच्या परिसरातील एखाद्या डोंगरी वाडीचा विचार केला, तर पाणी, दळण, शेतीतील सावड आणि अंत्यविधी या सर्व बाबतींत कुटुंबाला शेजाऱ्यांचा आधार लागतो. अशा ठिकाणी वाळीत टाकणे म्हणजे जगण्याचे मार्गच बंद करणे होय. हा अन्याय रोखण्यासाठी महाराष्ट्राने केलेल्या अधिनियमाचे मूल्यमापन करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

पार्श्वभूमी :
तत्कालीन मुंबई राज्याने १९४९ मध्येच बहिष्कृतीस प्रतिबंध करणारा अधिनियम केला होता. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्यास आव्हान दिले आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने तो घटनाबाह्य ठरविला. धार्मिक कारणावरून सदस्यास बहिष्कृत करणे हा संप्रदायाच्या अनुच्छेद २६ मधील अधिकाराचा भाग मानला गेला. सरन्यायाधीश भु. प्र. सिन्हा यांनी मात्र भिन्न मत नोंदवून व्यक्तीच्या प्रतिष्ठेची बाजू घेतली.

त्यानंतर अनेक दशके वाळीत टाकण्याविरुद्ध स्वतंत्र व परिणामकारक कायदा राज्यात नव्हता. मूळचे सातारचे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने २०१३ मध्ये जातपंचायतींच्या मनमानीविरुद्ध मोहीम उभारली. त्याच वर्षी २० ऑगस्ट रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली. मोहीम मात्र थांबली नाही. एप्रिल २०१६ मध्ये विधिमंडळाने विधेयक संमत केले. राष्ट्रपतींच्या संमतीनंतर जुलै २०१७ मध्ये अधिनियम अंमलात आला व त्याने १९४९ चा अधिनियम निरसित केला.

मूल्यमापन :
या अधिनियमाचे सामर्थ्य त्याच्या व्यापक व्याख्येत आहे. केवळ बहिष्कार घालणाराच नव्हे, तर त्यासाठी बैठक घेणारा व निर्णयास साहाय्य करणाराही दोषी ठरतो. तीन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. दोषारोपपत्र दाखल झाल्यापासून सहा महिन्यांत खटला निकाली काढण्याची अपेक्षाही स्तुत्य आहे.

उणिवा मात्र गंभीर आहेत. २०१३ च्या जादूटोणाविरोधी अधिनियमातील गुन्हे दखलपात्र व अजामीनपात्र आहेत. येथे गुन्हा दखलपात्र असूनही जामीनपात्र आहे. जामिनावर सुटलेले पंच त्याच गावात, तक्रारदाराच्या शेजारी राहतात. शिवाय पीडिताच्या संमतीने व न्यायालयाच्या परवानगीने तडजोड करता येते. वरकरणी ही तरतूद समंजस वाटते. परंतु ज्याच्या घरी मुलीचे लग्न ठरायचे आहे, ज्याला विहिरीवर जायचे आहे, त्याची संमती कितपत स्वेच्छेची मानावी? बहिष्काराचे अस्त्र ज्या दबावावर चालते, तोच दबाव तडजोडीच्या मार्गाने पुन्हा कार्यरत होतो. न्यायालयाने परवानगी देण्यापूर्वी पीडिताचे म्हणणे स्वतंत्रपणे ऐकावे, हा किमान निकष व्हावयास हवा.

दुसरा प्रश्न घटनात्मक आहे. १९६२ च्या निर्णयाच्या फेरविचाराचा मुद्दा सर्वोच्च न्यायालयाच्या पाच सदस्यीय पीठाने फेब्रुवारी २०२३ मध्ये नऊ सदस्यीय पीठाकडे सोपविला. जातपंचायत ही धार्मिक संप्रदाय नसल्याने तिला अनुच्छेद २६ चा आधार घेणे कठीण आहे. परंतु धर्मसंप्रदायाने घातलेल्या बहिष्काराबाबत या अधिनियमाची मर्यादा त्या निर्णयाशी निगडित राहते.

निष्कर्ष :
राज्य विधिमंडळ समूहाच्या सत्तेपुढे एकट्या व्यक्तीच्या पाठीशी उभे राहू शकते, हे या अधिनियमाने सिद्ध केले. तथापि कायदा पुस्तकात असणे आणि वाळीत पडलेल्या कुटुंबास पोलीस ठाण्याची पायरी चढण्याचे बळ मिळणे, यांत मोठे अंतर आहे. तक्रारदारास संरक्षण, तडजोडीवर कठोर न्यायिक देखरेख आणि प्रतिबंध अधिकाऱ्यांची गावपातळीवर ओळख या तीन बाबींशिवाय ते अंतर मिटणार नाही. महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांतून ही ओळख करून देणे सहज शक्य आहे. बहिष्कृत माणसाचा पहिला हक्क आपले गाऱ्हाणे कोणीतरी ऐकावे हा असतो. कायद्याची खरी कसोटी तेथेच लागते.