लिनक्सचा फोन : खिशात की प्रयोगशाळेत?

लिनक्स या मुक्त संगणकप्रणालीचा गाभा लायनस टॉरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ साली लिहिला. आज प्रत्येक अँड्रॉइड फोनच्या तळाशी हाच गाभा आहे. मग ‘लिनक्स फोन’ म्हणून वेगळे ते काय, असा प्रश्न विद्यार्थ्यांना पडणे साहजिक आहे.

फरक असा : अँड्रॉइड फोनचा गाभा मुक्त असला, तरी कॅमेरा, पडदा, रेडिओ हे भाग चालवणारे प्रोग्रॅम बहुधा बंदिस्त असतात. उत्पादकाने सुधारणा पाठवणे थांबवले की धडधाकट यंत्रही हळूहळू निरुपयोगी ठरते. ही परावलंबिता टाळण्यासाठी जे फोन निघाले, त्यांत २०२० साली ग्राहकांच्या हाती पडू लागलेला ‘पाइनफोन’ सर्वांत स्वस्त होता : किंमत सुमारे १५० डॉलर. त्याच्यावर पोस्टमार्केटओएस, मोबियन, उबुंटू टच अशा अनेक मुक्त प्रणाली चालतात.

हा फोन रोजच्या वापरास तयार आहे काय? समर्थकांचे उत्तर यादीच्या रूपात येते : बोलता येते, संदेश जातो, इंटरनेट चालते. यादी खोटी नसते. पण फोनची परीक्षा अशी घेता येत नाही. शाळेत ३५ गुणांना उत्तीर्ण होता येते. दहापैकी नऊ वेळा वाजणाऱ्या फोनला मात्र ९० गुण देऊन भागत नाही, कारण न वाजलेला दहावा फोन दवाखान्यातून आलेला असू शकतो. ज्याच्याकडे लक्ष द्यावे लागत नाही, तेच साधन रोजच्या वापराचे.

या कसोटीवर पाइनफोन कोठे अडतो, ते पाहण्यासारखे आहे. खिशात असताना त्याचा मुख्य प्रोसेसर जागाच राहिला, तर सुमारे ३००० मिलीअँपिअर-अवरची बॅटरी काही तासांत उतरते. म्हणून त्याला झोपवावे लागते. मग कॉल आल्यावर उठवायचे कोणी? हे काम मोडेमचे. मोडेम म्हणजे फोनच्या पोटातला स्वतंत्र छोटा संगणकच. कॉल येताच तो प्रोसेसरला विद्युत्संकेत देतो. प्रोसेसर जागा होतो, आवाजाचा मार्ग जोडतो आणि घंटा वाजवतो. साखळीतील एक कडी उशिरा हलली, तर पलीकडचा माणूस फोन ठेवून देतो. स्वयंसेवकांनी झोपेचे नियंत्रण करणारा ‘क्रस्ट’ हा मुक्त प्रोग्रॅम लिहिला, मोडेममधील काही प्रोग्रॅमही नव्याने रचले, आणि स्थिती पुष्कळ सुधारली. पण मोडेमचा रेडिओ सांभाळणारा भाग अजून बंदिस्तच आहे.

दुसरी अडचण फोनच्या बाहेरची आहे. अमेरिकेतील मोठ्या कंपन्यांनी २०२२ साली ३जी जाळी बंद केली. तेव्हापासून तेथे साधे बोलणेही ४जी वा ५जीवरून जाते, आणि त्यासाठी मोडेमची मांडणी त्या कंपनीच्या जाळ्याशी जुळावी लागते. तिसरी अडचण ॲपची. ‘वेड्रॉइड’च्या साहाय्याने अँड्रॉइडची ॲप चालवता येतात; पण बँकांची अनेक ॲप यंत्र प्रमाणित आहे का ते तपासतात आणि येथे चालण्यास नकार देतात. आपल्याकडे भाजीवाल्याला यूपीआयने पैसे देणाऱ्यास ही उणीव पहिल्याच दिवशी जाणवेल.

अधिक पैसे मोजले तर प्रश्न सुटतो, असेही दिसत नाही. ‘लिब्रेम ५’साठी प्युरिझम या कंपनीने २०१७ साली ५९९ डॉलर दराने आगाऊ नोंदणी घेतली, काही ग्राहकांना मात्र वर्षानुवर्षे वाट पाहावी लागली. ३९९ डॉलरचा ‘पाइनफोन प्रो’ २०२१ साली जाहीर झाला. २०२५ साली त्याचे उत्पादन थांबले. दोष मुक्ततेचा नाही. थोड्या ग्राहकांसाठी, बहुतांशी फावल्या वेळात, एवढे गुंतागुंतीचे यंत्र निर्दोष करणे अवघड असते. पाइनफोनच्या निर्मात्यांनीही त्याला ‘बीटा’ म्हणजे चाचणीच्या टप्प्यातला म्हणूनच विकले, हा त्यांचा प्रामाणिकपणा नोंदवला पाहिजे.

म्हणून त्याला खेळणे ठरवणे मात्र चूक होईल. पाइनफोनचे मागचे झाकण नखाने निघते. आत सहा बारीक खटके आहेत. मोडेम, वायफाय, मायक्रोफोन आणि दोन्ही कॅमेरे तेथे बंद करता येतात. पडद्यावरील चिन्हावर विश्वास ठेवणे आणि खटका स्वतः पाडणे, यांतील फरक विद्यार्थ्याला येथे हाताने समजतो. मेमरी कार्ड घातले की त्यावरची दुसरी प्रणाली सुरू होते, काढले की मूळची परत येते. दुसरा कोणता फोन वर्गात इतक्या निर्धास्तपणे उघडता येईल?

तेव्हा निकाल असा : एकमेव फोन म्हणून तो खिशात ठेवू नये, शाळेच्या प्रयोगशाळेत मात्र त्याला जागा द्यावी. तो खिशात जाण्यायोग्य कधी होईल, हे नव्या सोयींची यादी सांगणार नाही. त्याची घंटा वाजेल की नाही, ही शंकाच ज्या दिवशी मनात येणार नाही, त्या दिवशी तो तयार झाला असे समजावे.