हिवाळा, सायकल आणि निघण्यापूर्वीचे पान

प्रवासवर्णन हा आपला लाडका वाङ्मयप्रकार. दिवाळी अंकाला तर त्याच्यावाचून पुरतेपणा येत नाही. पण निघण्यापूर्वी माणूस काय करतो, कोणते सामान घेतो, कोणते टाकतो, नकाशापुढे बसून कशाला घाबरतो, याविषयी आपले लेखक फारसे बोलत नाहीत. गोडसे भटजींनी ‘माझा प्रवास’मध्ये घरचे कर्ज आणि बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञाची वार्ता सांगितली आहे, म्हणजे ते का निघाले एवढे कळते. पु. लं.च्या ‘अपूर्वाई’त (१९६०) तयारी आहे, परंतु ती आपल्याला हसवण्यासाठी, आणि ते काम ती चोख बजावते. एरवी आपल्याकडे पहिल्याच परिच्छेदात विमान उडते आणि दुसऱ्यात लेखकाला सूर्योदय दिसतो.

ही उणीव मला जाणवली ती एका परक्या पुस्तकामुळे. कॅम्पातल्या एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात डर्व्हला मर्फी या आयरिश लेखिकेचे ‘फुल टिल्ट’ (१९६५) हाती लागले. आयर्लंड ते हिंदुस्थान असा सायकलवरचा प्रवास, आणि आरंभ ऐन जानेवारीत. पहिल्या वाचनात मी त्यातली साहसे वाचली. दुसऱ्या वाचनात मात्र तयारीचीच पाने पुन्हा पुन्हा उघडत राहिलो.

मर्फीबाईंचा जन्म १९३१ सालचा, लिस्मोर गावचा. वडील जिल्ह्याचे ग्रंथपाल. दहाव्या वाढदिवसाला एक जुनी सायकल आणि एक नकाशासंग्रह अशा दोन भेटी मिळाल्या. त्यानंतर थोड्याच दिवसांनी एक चढ चढताना आपल्याच पायांकडे पाहून या मुलीने ठरवले की हे पाय असेच फिरत राहिले तर हिंदुस्थान गाठता येईल. चौदाव्या वर्षी शाळा सुटली, कारण आई संधिवाताने अंथरुणाला खिळलेली. आईची सेवा संपली १९६२ मध्ये, तिच्या मृत्यूने. १४ जानेवारी १९६३ रोजी बाई फ्रान्समधील डंकर्कहून निघाल्या, तेव्हा त्या एकतीस वर्षांच्या होत्या. ठरवणे आणि निघणे यांत एकवीस वर्षे गेली! आपण याला नियोजन म्हणत नाही, वाट पाहणे म्हणतो. पण पुस्तकाची सगळी ताकद मला या वाट पाहण्यात दिसते. इतकी वर्षे मनात घोळलेल्या बेतात फाफटपसारा उरत नाही.

आता बेताकडे पाहू. सायकलीचे नाव रोझ, म्हणजे डॉन किहोटेच्या रोझिनांटे घोड्याच्या नावाचे लाडके रूप. वजन सुमारे १७ किलो, सामान सुमारे १३ किलो. निघण्यापूर्वी बाईंनी तिचे गिअर काढून टाकले, कारण आशियातल्या रस्त्यांवर ते नाजूक यंत्र टिकणार नाही असा त्यांचा अंदाज. माझ्या मते संपूर्ण पुस्तकातला सर्वांत शहाणा निर्णय हाच. जे वाटेत दुरुस्त होणार नाही, ते घरी ठेवावे. हिवाळ्यात हे दुप्पट खरे, कारण गारठलेल्या बोटांनी बारीक स्क्रू फिरत नाही. सुटे टायर त्यांनी वाटेवरच्या ब्रिटिश वकिलातींकडे आधीच पाठवून दिले. एक लहान पिस्तूल घेतले आणि ते चालवण्याचा सरावही केला. बस्स! आजचा हौशी सायकलस्वार हसेल. त्याच्याकडे रुंद टायर आहेत, सांगाड्याला बांधायच्या पिशव्या आहेत, उपग्रहावरून वाट दाखवणारा फोन आहे. तो फोन कडाक्याच्या थंडीत लवकर मान टाकतो हे त्यालाही ठाऊक असते. तरी कागदी नकाशा घ्यायचा त्याला कंटाळा.

पण जानेवारीच का? बाई मोकळ्या झाल्या होत्या, हे एक कारण. वेळापत्रक मांडून पाहिले की दुसरेही दिसते. त्या मार्चअखेर तेहरानला पोचल्या. उशिरा निघत्या तर इराण-अफगाणिस्तानचा उजाड मुलूख भर उन्हाळ्यात ओलांडावा लागता. म्हणजे अनोळखी प्रदेशाचा बेत करताना एक संकट निवडून दुसरे टाळायचे असते. त्यांनी थंडी निवडली. दुर्दैव असे की तो १९६२–६३ चा हिवाळा निघाला, इंग्लंडात १७४० नंतरचा सर्वांत कडक. दिवस जेमतेम साडेआठ तासांचा, रस्त्यावर काचेसारखा बर्फ. इटलीत शिरताना चक्क आगगाडी धरावी लागली. पुढे युगोस्लाव्हियात ज्या लॉरीत बसल्या ती घसरून झाडावर आदळली, चालक जखमी झाला. बाई मदत आणायला पायी निघाल्या आणि अंधारात लांडगे अंगावर आले. पिस्तूल कामाला आले ते असे, सायकलवर नसताना. सारा बेत सायकलीभोवती रचलेला आणि पहिली कसोटी चालताना! लेखिका या विसंगतीवर क्षणभरही रेंगाळत नाही. एखाद्या मराठी लेखकाने यावर तीन पाने चिंतन केले असते.

आणि इथेच माझी तक्रार सुरू होते. या सगळ्या हिवाळ्याला पुस्तकात किती जागा? फक्त प्रस्तावनेपुरती. डंकर्क ते तेहरान हा अडीच महिन्यांचा गोठलेला प्रवास आरंभीच्या भागात उरकला आहे, आणि रोजनिशीची प्रकरणे तेहरानपासून सुरू होतात. जिथे बेत मोडला, जिथे माणसाला आपल्या अंदाजाची लाज वाटली असेल, तो भाग धावत सांगितला आहे. पुढे अफगाणिस्तानात बसमधल्या भांडणात बंदुकीचा दस्ता लागून बरगड्या मोडतात, तेही सविस्तर येते. पण फ्रान्समधल्या एखाद्या रात्री ओले मोजे कुठे वाळवले हे मला कळत नाही, आणि ते मला हवे आहे. दुसरा दोष मोठा आहे. बाई माणसांना जमातींनी मोजतात. अफगाण लाडके, इराणी नावडते. दोन भाषांच्या गावात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना असे सरसकट शेरे कुठून येतात आणि कुठे नेतात हे सांगायला नको.

तरी पुस्तक मनातून जात नाही, त्याला एक घरगुती कारण आहे. काही वर्षांपूर्वी डिसेंबरात नववीची चार मुले माझ्या खोलीत आली. सायकलने जांबोटी, कणकुंबी करून चोर्ल्याच्या बाजूने गोव्यात उतरायचे, मध्ये डांबरी रस्ता सोडून रानातल्या कच्च्या वाटा धरायच्या. परवानगी आणि पत्र हवे होते. सोबत वहीचा कागद. मी कागदावर नजर टाकली, टॉर्च दिसली नाही, आणि नाही म्हणालो. मुख्याध्यापकाला नाही म्हणणे सोपे असते. त्याला कुणी कारण विचारत नाही. मर्फीबाईंची वकिलातीतल्या टायरांची गोष्ट वाचली त्या रात्री तो कागद आठवला, आणि तो फाइलीत सापडलाही. त्यावर एका मुलाने लिहिले होते: कणकुंबीला आत्याचे घर, तिथे ट्यूब आणि पंप आधी बसने पाठवणे. दुसऱ्याने लिहिले होते: सकाळी धुके, आठच्या आधी घाटात नाही. मी हे वाचले नव्हते. टॉर्च नव्हती कारण अंधार पडण्यापूर्वी मुक्कामी पोचायचे, असेही खाली होते.

या मुलांना मर्फीबाईंचे कोणते पुस्तक द्यावे, असा प्रश्न आला तर मी ‘फुल टिल्ट’ देणार नाही. ‘व्हेअर द इंडस इज यंग’ (१९७७) देईन. १९७४–७५ चा हिवाळा बाईंनी बाल्टिस्तानात सिंधूच्या खोऱ्यात काढला, बरोबर सहा वर्षांची मुलगी रेचेल आणि हॅलम नावाचे तट्टू. इथे हिवाळा प्रस्तावनेत संपत नाही, तेच पुस्तक आहे. वाळवलेले जर्दाळू, रॉकेल, तट्टाच्या दाण्याची विवंचना, कुठल्या घरात जागा मिळेल याची रोजची काळजी. बेत रोज सकाळी नव्याने करावा लागतो, कारण चुकले तर किंमत लेकराने मोजायची. माझ्या पत्नीने हे पुस्तक अर्ध्यावर मिटले. ‘आई आहे की कोण?’ एवढेच म्हणाली. दोन दिवसांनी उघडून पुरे केले, पण मत बदलले नाही. माझे अजून ठरत नाही. शिक्षक म्हणून मी बाईंच्या बाजूचा, बाप म्हणून पत्नीच्या.

हीच मायलेकींची जोडी त्याआधी मुंबई, गोवा करत कोडगूला गेली होती. ते ‘ऑन अ शूस्ट्रिंग टु कूर्ग’ (१९७६). आपल्या परिसराच्या ओढीने अनेक जण ते आधी उचलतील. उचलावे, पण मर्फीबाईंचे बळ तिथे नाही. ऊबदार प्रदेशात त्यांची लेखणी सैल पडते. उतारवयात, सत्तरी ओलांडल्यावर, त्या सायबेरियात सायकल चालवण्याचा बेत करून गेल्या आणि वाटेत आगगाडीतच गुडघा दुखावून बसल्या. त्यांनी पुस्तकाच्या नावातच अपघात हा शब्द घातला: ‘थ्रू सायबेरिया बाय अ‍ॅक्सिडेंट’ (२००५). तरुणपणी प्रस्तावनेत दडवलेला मोडका बेत म्हातारपणी मुखपृष्ठावर आला, असे मला वाटते. पुढे त्या पुन्हा हिवाळ्यात तिकडे गेल्याच. २०२२ च्या मे महिन्यात लिस्मोरलाच त्यांचे निधन झाले.

ती चार मुले आता कॉलेजात आहेत. त्यांतला आत्यावाला परवा बाजारात भेटला. चोर्ल्याला गेलात का, असे विचारले. ‘गेलो की सर, पुढच्याच वर्षी. घरी सांगून गेलो, तुम्हाला नाही,’ म्हणाला. टॉर्च नेली होती का, हे विचारायचे माझ्या ओठावर आले होते.