विस्मृतीचें आत्मवृत्त

सुझॅना कॅहॅलन या अमेरिकन वार्ताहर बाईंचें 'ब्रेन ऑन फायर' हें पुस्तक २०१२ सालीं प्रसिद्ध झालें. इतक्या वर्षांनीं त्याचें परीक्षण करण्याचें प्रयोजन काय, असें वाचकांनीं विचारलें तर तें रास्तच होईल. पुस्तक आमच्या कपाटांत बरेच दिवस पडून होतें. तें काढून वाचावयाचा प्रसंग येथें करंजाडे येथेंच आला, आणि तो प्रसंग वाङ्मयाचा नव्हता.

आमच्या शेजारच्या इमारतींतील सात वर्षांच्या एका मुलीला गेल्या पावसाळ्यांत एकाएकीं आकडी आली. ज्यांच्या दारांत ती पडली त्यांनीं रीतीप्रमाणें कांदा फोडून तिच्या नाकाशीं धरला. आणखी कोणी चप्पल घेऊन धांवलें. (यानें कांहींच साधत नाहीं. मुलाला कुशीवर वळवावें, तोंडांत कांहीं घालूं नये, किती वेळ चाललें तें घड्याळांत पाहावें व डॉक्टरांकडे न्यावें, एवढेंच करावयाचें असतें.) आजीबाईंनीं कपाळाला हात लावून पाहिला व म्हणाल्या, "अगं सूनबाई, अंग थंड आहे. ताप नाहीं म्हणजे मेंदूज्वर नव्हे. दृष्टच लागली असेल." पुढच्या आठ-दहा दिवसांत मुलगी रात्र रात्र जागूं लागली, आईला ओरबाडूं लागली, कांहीं चघळीत असल्यासारखें तोंड हालवूं लागली आणि तिचें बोलणें तुटत तुटत बंद झालें. एका दवाखान्यांत हा हट्ट ठरला, दुसऱ्यांत शाळेची धास्ती. तिसऱ्या ठिकाणीं आम्ही सोबतीला होतों. तेथील डॉक्टरबाईंनीं मुलीला तपासण्यापूर्वीं आईला समोर बसविलें आणि म्हटलें, "ताई, पहिल्या दिवसापासून सांगा. काय झालें असेल तें नको. काय दिसलें तें सांगा."

आम्ही आजवर पुष्कळ परीक्षणें लिहिलीं, पण नवोदित लेखकाला याहून नेमका उपदेश आम्हांला कधीं करतां आला नाहीं.

कॅहॅलनबाईंचें पुस्तक याच उपदेशावर उभें आहे. २००९ सालीं, वयाच्या चोविसाव्या वर्षीं, त्या न्यूयॉर्कमध्यें याच आजारानें पडल्या. प्रथम नाहीं नाहीं ते संशय, मग डाव्या हाताला बधिरता, मग झटके, मग भ्रम आणि शेवटीं जवळजवळ मौन. रुग्णालयांतील महिन्याची त्यांना जवळजवळ कांहींच आठवण राहिली नाहीं. आत्मवृत्त म्हणजे आठवणींचा गोफ, ही आपली पक्की समजूत. येथें तर गोफाला धागाच नाहीं. तेव्हां बाईंनीं आपला धंदा कामास लावला. रुग्णालयाचीं टिपणें, खोलींतील कॅमेऱ्यानें टिपलेलीं दृश्यें, वडिलांची दैनंदिनी, आणि विभक्त झालेल्या आईबापांनीं एकमेकांना निरोप देण्यासाठीं ठेवलेली एक सामाईक वही, इतक्या साधनांवरून त्यांनीं स्वतःविषयीं दुसऱ्या कोणा स्त्रीविषयीं लिहावें तसें लिहिलें. कॅमेऱ्यांतील आपल्याच चेहऱ्याकडे त्या परक्यासारख्या पाहतात, तीं पानें आम्हांला सर्वांत सरस वाटलीं. तेथें ना रडगाणें आहे, ना शौर्याचा आव. आपल्याला ठाऊक नाहीं तें ठाऊक नाहीं म्हणून सांगण्याची ही सचोटी आपल्याकडील आत्मचरित्रांत दुर्मिळच.

घड्याळाचा प्रसंग तर एव्हांना प्रसिद्धच झाला आहे. डॉ. सुहेल नज्जार यांनीं रुग्णापुढें कागद ठेवून घड्याळाची तबकडी काढावयास सांगितली. बाईंनीं बाराहि आंकडे वर्तुळाच्या उजव्या अर्ध्या भागांत कोंबले. महागड्या तपासण्या निर्दोष ठरल्या असतां एका कागदानें मेंदूचा उजवा भाग सुजल्याचें सांगितलें. पुढें मेंदूचा सूक्ष्म तुकडा काढून पाहणें झालें, पाठीच्या मणक्यांतील पाणी डॉ. जोसेप दालमाऊ यांच्याकडे गेलें, आणि नांव हातीं आलें.

आमचा मतभेद येथूनच सुरू होतो. नांव सांपडल्यावर मागची सारी हकीकत गुप्तहेरकथेसारखी वाचली जाते. प्रत्येक बारीकसारीक गोष्ट 'सुगावा' बनते, आणि ज्या डॉक्टरानें मद्यपानावर बोट ठेवलें तो आपोआप खलपुरुष होतो. हें आम्हांला न्याय्य वाटत नाहीं. या आजाराचें कारण दालमाऊ व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००७ सालीं दाखवून दिलें. २००९ सालीं तें एखाद्याला ठाऊक नसावें यांत नवल नव्हतें. दोष अज्ञानाचा नाहीं. ऐकणें अर्ध्यावर सोडून लेबल चिकटविण्याचा आहे, आणि तो दोष करंजाड्याच्या दवाखान्यांत जितका सांपडतो तितकाच न्यूयॉर्कमध्यें.

आजाराचें स्वरूप थोडक्यांत सांगावें लागेल. शरीराचें रक्षण करणारीं प्रतिपिंडें, ज्यांना डॉक्टर अँटिबॉडी म्हणतात, तीं चुकून मेंदूच्या पेशींवरील एनएमडीए नांवाच्या ग्राहकांनाच शत्रु समजतात. हे ग्राहक पेशीच्या आंत ओढले जातात व पृष्ठभागावर कमी होतात. पेशी मात्र बहुधा मरत नाहीं. सारी आशा या एका गोष्टींत आहे. प्रतिपिंडांचा जोर ओसरला कीं ग्राहक पुनः वर येतात. म्हणून स्टिरॉइड, इम्युनोग्लोब्युलिन, रक्तद्रव बदलणें, आणि तेवढ्यानें भागलें नाहीं तर रिटुक्सिमॅबसारखीं औषधें, असा उपचारांचा क्रम असतो. नुसतीं आकडीचीं औषधें पुरत नाहींत. मुलींत व स्त्रियांत बीजाशयाची गांठ आहे कीं काय तेंहि पाहावें लागतें, जरी लहान मुलींत ती क्वचितच असते. ५७७ रुग्णांचा जो मोठा अभ्यास २०१३ सालीं प्रसिद्ध झाला, त्यांत दोन वर्षांपर्यंत ज्यांची माहिती मिळाली अशांपैकीं शेंकडा ८१ चांगले सुधारले होते. आणि उपचार लवकर सुरू होणें हें सुधारण्याचें एक मुख्य कारण दिसून आलें.

पण पुस्तकाची मोठी उणीव निराळीच आहे. चोवीस वर्षांची सुशिक्षित स्त्री घड्याळ चुकविते तेव्हां तें चुकलेलें कळतें. ज्या मुलाला अजून घड्याळ काढतांच येत नाहीं त्याचें काय चुकलें हें कोणत्या कागदावर उमटणार? हा आजार तर मुलांना खूपच होतो. २००९ सालच्या एका अहवालांत ८१ रुग्णांपैकीं ३२ अठरा वर्षांचे किंवा त्याहून लहान होते, सर्वांत लहान तेवीस महिन्यांचें. आणि त्या ३२ पैकीं तीनचतुर्थांशांहून अधिकांना आज ना उद्यां झटके आले. मोठ्या माणसाचा भ्रम चमत्कारिक तरी दिसतो. मुलाचें चिडणें, न झोपणें, अबोला धरणें हें हट्टाच्या नांवावर सहज खपतें. असें मूल पुढें आत्मवृत्त लिहिणार नाहीं. त्याची कथा सांगणारी त्याची आई, आणि तिचें सांगणें हेंच निदानाचें पहिलें साधन. कॅहॅलनबाईंच्या आईबापांची ती सामाईक वही पुस्तकांत केवळ एक साधन म्हणून येते. आमच्या मतें तीच या पुस्तकाची खरी नायिका व्हावयास हवी होती.

आणि येथें आपल्या भाषेचा प्रश्न उभा राहतो. आजीबाईंचा तर्क अडाणी नव्हता. तो शब्दावरून निघाला होता. 'मेंदूज्वर' या शब्दांतच ज्वर आहे, मग ताप नसतां तो कसा म्हणावा? हा शब्द आपल्याकडे रुजला तोहि अनुभवांतूनच. १९६५ सालीं नागपूरकडील चांदीपुरा येथें तापाच्या रुग्णांच्या रक्तांत पुण्याच्या तेव्हांच्या व्हायरस रिसर्च सेंटरला एक नवा विषाणु सांपडला व गांवाचें नांव त्याला मिळालें. तेव्हां तो फारसा घातक मानला गेला नाहीं. २००३ सालीं आंध्र प्रदेशांत मात्र ३२९ मुलें मेंदूच्या साथीनें आजारी पडलीं, १८३ दगावलीं, आणि शोधाअंतीं त्याच विषाणूकडे बोट गेलें. पुढें विदर्भांतहि त्याच्या साथी आल्या. वाळूमाशीनें पसरणारा हा आजार भडक तापानें येतो, झटके आणतो आणि कित्येकदां एक-दोन दिवसांत मूल नेतो; त्यावर खास औषध नाहीं. ज्याच्यावर औषध आहे तो दुसरा आजार मात्र कित्येकदां अंग थंड ठेवून आठवड्या-आठवड्यांनीं वाढतो. पहिल्याचें नांव घरोघरीं आहे, दुसऱ्याला मराठींत नांवच नाहीं. 'मेंदूदाह' हा शब्द कोशांत सांपडतो, पण तो कोणाच्या ओठीं नाहीं. 'अंगांत आलें', 'झपाटलें', 'फीट आली' यांतला कोणताहि शब्द काय दिसलें तें सांगत नाहीं; काय झालें असेल तें सांगतो.

खर्चाचा उल्लेख टाळतां येत नाहीं. कॅहॅलनबाई आपल्या उपचाराचा खर्च दहा लक्ष डॉलर सांगतात व विम्यानें तो बहुतेक उचलला असेंहि प्रांजळपणें नमूद करितात. आपल्याकडे इम्युनोग्लोब्युलिन वजनावर मोजतात: किलोमागें दोन ग्रॅम, म्हणजे वीस किलोच्या मुलीला चाळीस ग्रॅम. तेवढ्यासाठीं येथें दागिने मोडले गेले. पुस्तक वाचून संपविणाऱ्या वाचकाला निदान म्हणजेच सुटका असें वाटेल, आणि इतकी मोठी चूक एवढ्या चांगल्या पुस्तकानें करूं नये.

शेजारच्या मुलीच्या मणक्यांतील पाण्यांत तीं प्रतिपिंडें सांपडलीं. ती दीड महिना रुग्णालयांत होती. तेथेंच तिच्या आईनें शाळेची एक अर्धी कोरी वही घेऊन रोजचें लिहावयास आरंभ केला. अट एकच, दिसलें तेवढेंच. आम्हीं ती वही मागून वाचली. शुद्धलेखनाची दैना आहे, तारखा कोठें कोठें गाळल्या आहेत, एका पानावर नुसतें 'आज डोळे फिरवले नाहीत' एवढेंच आहे. आठवड्यांनंतरच्या एका पानावर मुलीनें 'पाणी' म्हटल्याची नोंद आहे, आणि त्यापुढें कंसांत, 'की मला तसं वाटलं?' ही वही छापावी असें आम्हीं सुचविलें. त्या माउलीनें ती परत घेतली व म्हटलें, "भाऊ, अजून पानं उरली आहेत."