'एअरलिफ्ट' : नायक सापडला, पेच हरवला

परदेशात युद्ध पेटले की प्रत्येक सरकारपुढे दोन प्रश्न एकदम उभे राहतात. आक्रमकाविषयी काय बोलायचे आणि तेथे अडकलेली आपली माणसे परत कशी आणायची? या दोहोंची उत्तरे पुष्कळदा एकमेकांच्या आड येतात. राजा कृष्ण मेनन दिग्दर्शित 'एअरलिफ्ट' (२०१६) हा हिंदी चित्रपट १९९० च्या कुवेत प्रकरणावर बेतलेला असल्याने तो पाहताना हा पेच मनात ठेवणे अगत्याचे आहे.

चित्रपटाचे गुण प्रथम मान्य करावयास हवेत. एका रात्रीत परके झालेले शहर, धनिक रणजित कत्यालची गळून पडणारी गुर्मी, छावणीतील अन्नाची विवंचना हे सारे संयमाने आले आहे. मदत करणाऱ्यांवरच सतत कुरकुर करणारा जॉर्ज तर विशेष लक्षात राहतो. संकटातही माणूस आपला स्वभाव सोडत नाही, हे त्या एका पात्राने नेमके सांगितले आहे.

मात्र कथानक दिल्लीत येते तेथे चित्रपट उणा पडतो. तेथे उदासीन कचेरी आहे, धूळ खाणारी कागदपत्रे आहेत आणि उशिरा जागा होणारा एक सहसचिव आहे. शासकीय सेवेत हयात घालवलेल्या माणसालाही दफ्तरदिरंगाईचे समर्थन करवणार नाही. पण येथे ती नायकाची उंची वाढवण्यासाठी वापरली आहे. कत्याल हे पात्र काल्पनिक आहे. मॅथुनी मॅथ्यूज आणि हरभजनसिंग वेदी यांच्यासारख्या कुवेतमधील भारतीयांनी केलेले काम त्यामागे आहे. अनेकांचे श्रम एका खांद्यावर आले, की उरलेली माणसे आपोआप गर्दी होतात.

प्रत्यक्षात काय घडले? इराकने २ ऑगस्ट १९९० रोजी कुवेत बळकावले. त्याच दिवशी सुरक्षा परिषदेने निषेधाचा ठराव केला आणि ६ ऑगस्टला आर्थिक निर्बंध लादले. इराकने परकीय दूतावासांना २४ ऑगस्टपर्यंत कुवेत सोडण्यास फर्मावले. अमेरिका व ब्रिटनने ते जुमानले नाही. त्यांच्या दूतावासांची वीज व पाणी तोडण्यात आले आणि पाश्चात्त्य नागरिकांना ओलीस धरण्यात आले. भारताने वेगळी वाट धरली. दूतावासाचे काम बसऱ्याला हलवले, इराकविषयी भाषा सौम्य ठेवली आणि परराष्ट्रमंत्री इंद्रकुमार गुजराल बगदादला गेले. सद्दाम हुसेन यांनी त्यांना दिलेल्या आलिंगनाचे छायाचित्र जगभर टीकेचा विषय झाले. कुवेतची जनता त्या वेळी टाचेखाली होती. तिला हे आलिंगन झोंबले असल्यास नवल नाही.

पण त्याच संबंधांमुळे भारतीयांना इराकमार्गे जॉर्डन गाठता आले. अम्मानहून एअर इंडियाने सुमारे दोन महिन्यांत ४८८ उड्डाणे करून एक लाख अकरा हजारांहून अधिक माणसे आणली. हे करणारे सरकार मंडल अहवालावरून उसळलेल्या वादळात सापडले होते आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात ते कोसळले.

या कथेतील खरे नाट्य त्या आलिंगनात आहे, असे मला वाटते. आपल्या लाखभर माणसांसाठी दुसऱ्या देशाच्या दुःखापुढे आवाज खाली करावा काय, हा प्रश्न कोणत्याही श्रेष्ठ नाटककाराला पुरून उरावा. चित्रपटाने तो बाजूला ठेवला आणि त्याऐवजी सुष्ट नायक व सुस्त कचेरी हा सोपा सामना रंगवला. परराष्ट्र मंत्रालयाने चित्रपटात कलात्मक स्वातंत्र्य घेतल्याचे तेव्हाच म्हटले होते आणि काही माजी राजदूतांनीही आक्षेप नोंदवले होते. मंत्रालयाच्या प्रतिमेची काळजी मंत्रालयाने करावी. माझा आक्षेप कलेच्या बाजूने आहे. कलावंताला तपशील बदलण्याची मुभा आहेच. पण बदलाने कथा अधिक खोल व्हावी, येथे ती उथळ झाली.

आपल्या गोव्यात कुवेत हे नाव घरगुती आहे. किती घरांचे वासे तिकडच्या पगारावर उभे राहिले! त्या घरांना कोणा महानायकाची कथा दिलासा देईल, पण शहाणपण देणार नाही. पुढच्या युद्धात कत्याल भेटेलच असे नाही. तेव्हा उपयोगी पडतात ती पारपत्राऐवजी तातडीने दिलेली कागदपत्रे, शेजारी देशाशी राखलेले संबंध आणि रात्रभर याद्या करणारी अनाम माणसे. २०२२ मध्ये युक्रेनमधून भारतीय विद्यार्थी आणले गेले, त्याच सुमारास संयुक्त राष्ट्रांतील मतदानात भारत तटस्थ राहिला. पेच जुनाच होता.

अशा वेळी सरकारने काय करावे, याविषयी सुजाणांत मतभेद राहतील. परंतु सुटकेची किंमत काय पडली आणि ती कोणी मोजली, हे विचारणारा चित्रपट अजून व्हायचा आहे.