उतार कोणी आखला?

दलित साहित्य कोणी लिहावे, या प्रश्नावर आपल्याकडे इतके लिहून झाले आहे की आजच्या विद्यार्थ्याला तो वादच शिळा वाटतो. सहानुभूतीने लिहिणे वेगळे आणि सोसून लिहिणे वेगळे, हे प्रस्थापित समीक्षेला आपण मोठ्या कष्टाने कबूल करायला लावले. हाच भेद सिमेंट-काँक्रीटमध्येही असतो, हे मात्र मला उशिरा कळले. ते दाखवून देणारा माणूस साहित्यिक नव्हे. तो माझा थोरला चुलतभाऊ. पोलिओने त्याचे दोन्ही पाय लहानपणीच गेले. सायकलदुरुस्तीच्या दुकानावर त्याने घर चालवले, आणि माझ्या कॉलेजची दोन वर्षांची फीही त्याच दुकानातून आली.

सहा डिसेंबरला दादरला जायचे म्हणून आम्ही दोघे निघालो होतो. स्टेशनच्या दारात नवा उतार बांधलेला. बाजूला चकचकीत कठडा, निळ्या रंगात खुर्चीचे चित्र. मी हरखलो. दादाने खालूनच पाहिले आणि म्हणाला, "मास्तर, हा उतार माझ्यासाठी नाही, त्या चित्रासाठी बांधलाय." चढ इतका उभा की हाताने खुर्ची ढकलणारा माणूस अर्ध्यावरूनच मागे येईल. आणि वर पोचल्यावर चार बोटे उंचीची पायरी! नियम साधा आहे : एक फूट चढायचे तर उतार बारा फूट लांब हवा. तो कागदावर नक्कीच असणार. पण बांधून झाल्यावर एखाद्या खुर्चीवाल्याला बोलावून 'चढून दाखव' असे कोणी म्हटले नाही. पलीकडच्या फलाटावर जायला सामानाच्या हातगाड्यांची वाट होती, रूळ ओलांडून. तिथून मी त्याला नेले. डब्यात मात्र पाठीवर घेऊन चढवावे लागले.

फलाट आणि डबा यांचे हे गणित समजून घेण्याजोगे आहे. लांब पल्ल्याच्या गाड्यांसाठीचा उंच फलाटदेखील रुळांपासून 760 ते 840 मिलिमीटर असतो. डब्याचे तळ त्याहून सुमारे अर्धा मीटर वर, आणि मधे पायऱ्या. अपंगांसाठीचा कप्पा बहुतेक गाड्यांत गार्डाच्या डब्याला जोडून, म्हणजे गाडीच्या टोकाला. त्याचे दार रुंद, संडास रुंद. आत गेलेल्या माणसाचा विचार झाला आहे; आत कसा जाईल याचा नाही. फलाट आखूड असला तर ते टोक फलाटाबाहेर खडीवर थांबते. गावकुसाबाहेर राहिलेल्यांना या जागेचा अर्थ निराळा सांगायला नको.

मी भाषेचा मास्तर, मजकूर वाचणे हा माझा धंदा. म्हणून दादाचा सवलतीचा दाखला मी वाङ्मय म्हणून वाचला. हाडापायांनी अपंग असलेल्याला भाड्यात सवलत हवी तर, 'हा मनुष्य सोबत्याच्या मदतीवाचून प्रवास करू शकत नाही' असे डॉक्टरने लिहून द्यावे लागते. आयुष्यभर एकट्याने दुकान चालवणाऱ्याने आपण परावलंबी असल्याचे शिक्क्यानिशी सिद्ध करायचे! पायऱ्या कोणी बांधल्या, हे त्या दाखल्यात कुठेच नाही. दोष देहावर लिहिला जातो, इमारतीवर नाही. जन्मावर दोष लिहिणारी व्यवस्था आपण ओळखतो, तिचेच हे हस्ताक्षर आहे.

दुसरा मजकूर 2016 च्या अपंग हक्क कायद्याचा. त्याचे 41 वे कलम वाहतुकीची साधने सर्वांना वापरता येतील अशी करा म्हणते, जुन्या साधनांतही बदल करा म्हणते. आणि लगेच अटी घालते : तांत्रिकदृष्ट्या शक्य असेल तर, सुरक्षित असेल तर, आर्थिकदृष्ट्या परवडत असेल तर, मोठे रचनात्मक बदल करावे लागत नसतील तर. हक्क एका वाक्याचा, पळवाटा चार. 1923 साली मुंबई कौन्सिलात बोले ठराव झाला, पुढच्या वर्षी महाडच्या नगरपालिकेने तळे खुले केल्याचे जाहीर केले. तरी पाणी पिण्यासाठी 1927 उजाडावे लागले. कागद आणि पाणी यांतले अंतर आपल्याला पाठ आहे.

राजीव रातुरी या अंध कार्यकर्त्याने 2005 साली सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. 8 नोव्हेंबर 2024 च्या निकालात न्यायालयाने म्हटले की कायद्याखालच्या नियमांतले पंधरावे कलम मूळ कायद्याशीच विसंगत आहे, कारण त्याने सक्तीच्या गोष्टी नुसत्या शिफारशी करून टाकल्या. किमान सक्तीचे नियम वेगळे काढा आणि ते संबंधितांशी विचारविनिमय करून ठरवा, असा आदेश झाला. मला त्यातला 'विचारविनिमय' हा शब्द महत्त्वाचा वाटतो आणि त्याचीच धास्तीही वाटते.

कारण विचारविनिमयाचे नाटक आपण पुष्कळ पाहिले आहे. नकाशे झाल्यावर, ठेका दिल्यावर, उद्घाटनाला एक खुर्चीवाला बोलवायचा, हार घालायचा, फोटो काढायचा. संयुक्त राष्ट्रांच्या ज्या कराराला भारताने 2007 साली मान्यता दिली त्याचे चौथे कलम, धोरण आखतानाच अपंगांना त्यांच्या संघटनांमार्फत सामील करा म्हणते. 1919 साली साउथबरो समितीपुढे बाबासाहेबांनी जी मागणी केली तिचे तत्त्व वेगळे नव्हते : अस्पृश्यांचे म्हणणे अस्पृश्यांच्याच प्रतिनिधींनी मांडावे, इतरांच्या सदिच्छेवर ते सोपवू नये.

आणि एक प्रतिनिधी पुरत नाही. खुर्चीवाल्याला जमीन सपाट, कडा नसलेली हवी. अंधाला मात्र कड संपल्याचे पायाला वा काठीला कळायला हवे. ओकायामात 1967 साली अंधशाळेजवळ बसवलेल्या उठावाच्या फरशा आज जगभर आहेत. पट्ट्या म्हणजे चाला, ठिपके म्हणजे थांबा. आपल्याकडे त्या पिवळ्या फरशा खांबाला जाऊन भिडलेल्या मी पाहिल्या आहेत. बसवणाऱ्याला ती नक्षी वाटली असावी. ऐकू न येणाऱ्याला तर उतारही नको, फरशीही नको. गाडीचा फलाट ऐनवेळी बदलल्याची घोषणा अक्षरांत हवी. या तिघांना एका टेबलाशी बसवून भांडू द्यावे, मग नकाशा काढावा. अभियंत्याची विद्या मी कमी लेखत नाही. अर्धा मीटर कसा मिटवायचा हे तोच सांगेल. कुठला अर्धा मीटर आधी, हे दादा सांगेल.

थोडे विषयांतर. गाड्यांचे संडास वर्षानुवर्षे थेट रुळांवर उघडत, आणि ते रूळ कोणत्या जातीची माणसे साफ करत होती हे इथे लिहायची गरज नाही. तो संडास आखताना त्यांना कोणी विचारले होते? रेघ ओढणारा हात आणि झाडू धरणारा हात यांत अंतर असले की काय होते, त्याचा तो नमुना.

आता 'दिव्यांग' हा शब्द. तो सरकारी झाला तेव्हा मला 'हरिजन' आठवला. देवाचे नाव चिकटवले की पायरी तोडायची गरज उरत नाही. दादाला विचारले तर तो म्हणाला, "दिव्य काय ते राहू दे, फलाट वर कर."

पण बोट आपल्याकडेही वळते. आपल्या कवितेत शासन बहिरे, न्याय आंधळा, समाज पांगळा असतो. माझ्याच जुन्या लेखांत 'पांगळी समीक्षा' हा शब्दप्रयोग मी तीनदा केलेला सापडला. ज्यांनी भाषेतली जातीय शिवी ओळखली त्यांनी दुसऱ्याचा देह शिवी म्हणून वापरावा? आमच्या अभ्यासमंडळाची बैठक गेली सहा वर्षे एका सभागृहात दुसऱ्या मजल्यावर होते. लिफ्ट नाही. दादा एकदाही आला नाही, आणि मी समजत होतो की त्याला वाचनाची आवड नाही.

या वर्षीची जागा अजून ठरलेली नाही. दादा, एक अंध विद्यार्थिनी आणि गुडघे गेलेले एक निवृत्त शिक्षक अशा तिघांना आम्ही तीन जागा पाहायला सांगितल्या आहेत. पहिली त्यांनी नापसंत केली. दाराचा उंबरा उंच आहे.